वापसा नव्हता म्हणून गळ टाकला

2024 च्या पावसाळ्यात मी एकूण नऊ ल्यूर (माशाला फसवायची खोटी आमिषं) विकत घेतले. दोन पाण्याखालच्या बाभळीत गेले. चार पाण्यात पडले, बाहेर आले, डब्यात गेले. जे तीन चालले ते मी सगळ्यात शेवटी, नाइलाजानं मागवले होते. आपल्याकडे पावसात ल्यूरनं मासेमारी कशी करायची हे मराठीत मला कुठं सापडलं नव्हतं. म्हणून ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं लिहितोय, चुकांसकट.

आधी ओळख. माझं वसमतला मेडिकलचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद. चुलतभावाचं शेत एका साठवण तलावाच्या बुडीत क्षेत्राला लागून आहे. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही, छोटा आहे, गर्दी सोसणार नाही. लहानपणी आम्ही तिथं गांडूळ लावून गळ टाकायचो. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक पावसात रेनकोट घालून, प्लास्टिकचा बेडूक फेकून बास मासा काढताना बघितले आणि डोक्यात किडा घुसला.

बास आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेचा मासा. पण त्याच्यासाठी बनवलेली बरीच आयुधं आपल्या तलावातल्या मरळ माशाला चालतात, कारण दोघांची राहणी मिळतीजुळती आहे. दोघंही काठाच्या झाडोऱ्यात दडून बसतात, दबा धरून झडप घालतात, बेडूक दिसला की सोडत नाहीत. बासचा जुना विक्रम 2 जून 1932 चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकरी पोरानं धरलेला मासा 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या थोडा वर. सांगतात की पावसानं रान ओलं होतं, नांगर चालणार नव्हता, म्हणून तो मित्राला घेऊन मासे धरायला गेला. मी हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजी वापसा नव्हता." एवढ्या एका शब्दात जॉर्जिया आमच्या शिवारात आलं.

मे : कोरडा तलाव

2023 चा ऑगस्ट आमच्याकडे जवळजवळ कोरडा गेला होता. त्यामुळं मे 2024 मध्ये तलावात मधोमध डबकं तेवढं राहिलं होतं. आटलेल्या तलावाच्या गाळात पेरणारे, गाळपेरावालेसुद्धा आवरून गेले होते. तेव्हा मला वाटलं, पाणीच नाही तर मासे कसले. पण त्या महिन्यात मी जे केलं त्याचा वर्षभर सगळ्यात जास्त उपयोग झाला. एका संध्याकाळी भावाबरोबर अख्खं पात्र पायी फिरलो आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले. ओढ्याचा जुना मार्ग कुठून वळतो, बुडालेली विहीर कुठं आहे, येड्या बाभळीची खोडं कुठं उभी आहेत, बेशरमाची झाडी कोणत्या काठाला दाट आहे. परदेशातले लोक ह्याच माहितीसाठी पाण्याखालचं दाखवणारं हजारो रुपयांचं 'सोनार' यंत्र घेतात. मराठवाड्यात उन्हाळा ती फुकट देतो.

परवानगी

भावाचं म्हणणं, "कोण इचारतंय? बस की काठावर." पण तलाव ठेक्यावर होता, आणि दुकानदार माणसाला पावतीशिवाय झोप येत नाही.

20 मेला, सोमवारी, जिल्ह्याच्या ठिकाणी संबंधित कार्यालयात गेलो. लोकसभेची आचारसंहिता चालू आहे, निकालानंतर या, असं सांगितलं. हौसेनं मासे धरायचा आणि आचारसंहितेचा संबंध काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. 10 जूनला पुन्हा गेलो. साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला एका क्लार्कनं बसवून घेतलं आणि सरळ सांगितलं की तलाव मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला आहे, तिथल्या माशावर हक्क त्यांचा, तुम्ही त्यांच्याकडून लेखी घ्या. हेच वाक्य 20 मेला मिळालं असतं तर बसचं जाण्या-येण्याचं भाडं आणि दोन अर्धे दिवस वाचले असते. तेव्हा पहिली खेप संस्थेकडेच करा. आणि तलाव कुणाचा, कुणाकडे, हे आधी गावात विचारा, कारण प्रत्येक पाण्याचा मालक वेगळा असतो. जायकवाडीचा नाथसागर तर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं काठी घेऊन जायचा विचारच करू नका.

संस्थेचे चेअरमन भोई समाजातले, पासष्टीच्या पुढचे. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला डॉक्टर म्हणतात, खेड्यात मेडिकलवाला म्हणजे डॉक्टरच. 18 जूनला साध्या कागदावर अर्ज, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन गेलो. मामांनी अर्ज वाचला, मी दाखवलेला व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "मासा काय येडा हाय का डॉक्टर, पलास्टिक खायला?"

संस्थेची बैठक महिन्यातून एकदा. त्यामुळं पत्र हातात पडलं ते 6 जुलैला. शिक्का इतका फिकट की संस्थेचं नाव अर्धंच उमटलं होतं. हंगामाची फी पाचशे रुपये, पावतीसकट. अटी अशा: एक काठी, एक गळ. जाळं नाही, होडी नाही. सांडव्यापाशी आणि खालच्या अंगाला उभं राहायचं नाही. रोहू-कटला लागला तर सोडायचा, कारण बोटुकली, म्हणजे त्यांची बोटभर पिल्लं, संस्थेनं पैसे मोजून टाकलेली असतात. मरळ ठेवायची असेल तर संस्थेच्या काट्यावर तोलायची, चारशे रुपये किलोनं पैसे द्यायचे. आणि शेवटची अट मामांनी पत्रात नाही, तोंडी घातली: "पिल्लावरची मरळ धरायची न्हाई." तेव्हा मला ती नीट कळली नव्हती.

खरेदी आणि शाळेचं मैदान

परवानगीची वाट बघत असताना खरेदी चालू होती. सात फुटी मीडियम-हेवी काठी 2,350 रुपये, स्पिनिंग रीळ 2,100, तीस पौंडी ब्रेड (विणलेली) दोरी दीडशे मीटर 690, पुढं लावायचा फ्लोरोकार्बन लीडर 380. आमच्या पिनकोडला दोन विक्रेते माल पाठवत नाहीत, म्हणून पार्सल नांदेडला मावसभावाच्या पत्त्यावर मागवलं आणि औषधांच्या खोक्याबरोबर आणलं. पहिल्या खेपेचे सहा ल्यूर 2,240 रुपयांचे: तीन क्रँकबेट, पाण्यावर खळबळ करणारा एक पॉपर, एक लांबट मिनो आणि मऊ रबरी अळ्यांचं पाकीट. ते मी रंगावर भाळून घेतले. डोळे इतके हुबेहूब होते की बायकोनं एक उचलून वास घेऊन बघितला.

रीळ स्पिनिंगचंच घ्या, निदान पहिल्या वर्षी. बेटकास्टर जातीचं रीळ दिसायला रुबाबदार असतं, पण नवख्या अंगठ्याखाली त्यात दोरीचा असा गुंता होतो की सोडवता सोडवता मृग संपून आर्द्रा लागतात. मी जूनभर सकाळी सहाला जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर गळ काढलेला ल्यूर फेकायची सवय केली. वीस पावलांवर टोपली ठेवायची आणि तिच्यात टाकायचा. पहिल्या आठवड्यात टोपली सोडून सगळीकडे पडला, एकदा तर शाळेच्या पत्र्यावर. पोरं जमायची. त्यातलं एक रोज विचारायचं, "काका, हितं मासे हायत का?"

जुलै

14 जुलैला पहिला रविवार. रात्री चांगला पाऊस झाला होता, तलावात पाणी चढायला लागलं होतं आणि रंग दुधाच्या चहासारखा. काळ्या रानातून आलेलं पाणी तसंच असतं, बोटभर खाली काही दिसत नाही. मी सगळ्यात सुंदर क्रँकबेट बांधला. त्याला पोटाखाली दोन तिहेरी गळ असतात आणि ओढला की तो खाली बुडी मारतो. तिसऱ्याच फेकीत त्यानं मे महिन्यात मीच फोटो काढलेली बाभूळ धरली. 410 रुपये. दुसरा क्रँकबेट अर्ध्या तासानं शेजारच्या बाभळीला. ते दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना.

त्या रात्री बसून नीट वाचलं, आणि मग माझं गणित कुठं चुकलं ते कळलं. पावसात बास धरणारे जे सांगतात त्यात 'पाऊस' ही एक गोष्ट नसतीच मुळी. पावसाच्या आधीचा तास वेगळा, भुरभुर वेगळी, मुसळधार वेगळी आणि दुसऱ्या दिवशीचं गढूळ पाणी वेगळं. पाऊस यायच्या आधी हवेचा दाब उतरतो, तेव्हा बास खायला सुटतो असं ते लोक मानतात. भुरभुर चालू असली की पाण्याचा पृष्ठभाग सारखा फुटत असतो, उजेड कमी असतो, माशाला वरचा माणूसही नीट दिसत नाही आणि ल्यूरचा खोटेपणाही. म्हणून तेव्हा पाण्यावर तरंगणारा, खळबळ करणारा ल्यूर. ओढ्याचं पाणी आत येतं तिथं वाहून आलेले किडे, गांडुळं आणि ताजा प्राणवायू असतो, म्हणून मासा त्या तोंडापाशी येतो. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदनरेषेवर त्याची भिस्त, म्हणून थरथर जास्त करणारा ल्यूर आणि रंग काळा. काळा का, तर खालून वर बघणाऱ्याला आभाळाच्या उजेडापुढं काळी आकृतीच ठळक दिसते. माझ्याजवळचे चांदीच्या रंगाचे, पारदर्शक पोटाचे सगळे ल्यूर स्वच्छ पाण्यासाठी होते. मराठवाड्यातल्या पावसाळ्यात स्वच्छ पाणी कुठून आणायचं?

दुसरी खेप मागवली: 640 रुपयांना दोन पोकळ रबरी बेडूक, एक काळा आणि एक पिवळसर हिरवा, आणि 290 ला काळा-निळा स्पिनरबेट. बेडकाचं वैशिष्ट्य असं की त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. झुडपात टाका, शेवाळावरून ओढा, अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. स्पिनरबेटला तारेच्या टोकावर फिरणारी पाती असते. विलो झाडाच्या पानासारखी लांबट पाती चमकते जास्त, गोल पाती थडथडते जास्त. गढूळ पाण्याला गोल घ्या. दुकानाच्या पानावर हा फरक लिहिलेला नसतो, चित्र मोठं करून बघावं लागतं.

21 जुलैला कडक ऊन, काहीही नाही. पार्सलही आलेलं नव्हतं.

28 जुलै, पुष्य नक्षत्र. सकाळपासून उकाडा, अंगाला चिकटणारा. साडेसातला बेशरमाच्या झाडीपुढं उभा होतो आणि पाणी शांत होतं. तेव्हा एक गोष्ट दिसली. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला हवा घ्यायला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. आली की पाण्यावर एक जाडसर वलय उठतं आणि दोन-तीन बुडबुडे राहतात. मी चार जागा मनात धरल्या: वाळकी बाभूळ, तिच्या डावीकडचं पाणकणीस, बेशरमाची खाच, आणि बुडालेल्या बांधाचं टोक. एकदा भुरभुर सुरू झाली की सगळ्या तलावावरच वलयं उठतात, मग मरळीचं ओळखू येत नाही. म्हणून ह्या जागा पावसाच्या आधी हेरायच्या आणि पाऊस लागला की तिथं बेडूक टाकायचा. ही युक्ती मला कुठल्या व्हिडिओत मिळाली नाही, बास पाण्यातच श्वास घेतो म्हणून तिकडं गरजही नसेल.

आठच्या सुमारास भुरभुर लागली. काळा बेडूक खाचेच्या दोन हात पलीकडं टाकला, ओढत आणला, थांबवला. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला आणि बेडूक नाहीसा झाला. मी दचकून काठी मागं खेचली आणि बेडूक गोफणीतल्या दगडासारखा माझ्या कानावरून गेला. पाठीमागून हसू आलं. मामा कधी येऊन बसले होते कोण जाणे, घोंगडीच्या खोळीत.

"गिळू द्या की त्याला. तुमी त्याच्या तोंडातून घास काढायलात."

पोकळ बेडकाच्या बाबतीत हे सगळेच सांगतात, पण हाताला ते कळत नाही. झडप दिसली की थांबायचं, दोरी जड होईपर्यंत, आणि मग झटका. मी तेव्हापासून मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' मोजतो. त्या दिवशी अजून दोनदा झडप आली आणि दोन्ही वेळा पहिल्या विठ्ठलालाच हात सुटला.

पिल्लं

4 ऑगस्टला जे झालं त्यावर मी जरा थांबणार आहे.

पाणकणसाच्या पुढं, गुडघाभर पाण्यात, ताटाएवढा लालसर-नारिंगी ठिपका हलत होता. आधी वाटलं वाहून आलेलं कुंकू-गुलाल काहीतरी असेल. जवळून बघितलं तर शेकडो पिल्लं, एकेक बोटाच्या पेराएवढं, सगळी एकदम वर येत होती, हवा घेत होती, एकदम खाली जात होती. उकळत्या वरणावर बुडबुडे फुटावेत तसं पाणी दिसत होतं. आणि त्यांच्या खाली, मधूनच, एक मोठी काळपट पाठ.

पावसाळ्यात मरळ पिल्लं काढते आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्याखाली राखण करते. त्या काळात ती भुकेनं नाही, रागानं चावते. जवळ काहीही पडलं की तुटून पडते. म्हणजे जो मासा मला महिनाभर मिळत नव्हता तो त्या क्षणी जवळजवळ खात्रीनं मिळणार होता. बेडूक नारिंगी ठिपक्यात टाकायचा, बस्स. मी काठी उचललीही होती.

मामांची तोंडी अट तेव्हा कळली. आई-बाप उचलले की पिल्लांवर चिलापी आणि बाकीचे मासे तुटून पडतात, तासाभरात ठिपका उरत नाही. मामांना मी विचारलं होतं की मरळ तुमची बोटुकली खाते, मग तिची एवढी काळजी कशाला. ते म्हणाले, "खाती. पन भावबी तीच देती." इंटरनेटवर ह्या पिल्लांवर टाकून काढलेल्या मोठ्या मरळींचे फोटो ढिगानं आहेत, खाली अभिनंदनही. मी ते आता पुढं सरकवतो.

पावसाळा मासेमारीला चांगला हे बासवाल्यांचं म्हणणं घेताना हा फरक कुणी सांगत नाही: बासचं पिल्लं काढणं बहुतेक वसंतात उरकतं, आपल्या मरळीचं भर पावसाळ्यात असतं. त्यामुळं आपल्याकडे ल्यूर कोणता ह्याच्या आधी, ह्या जागी टाकायचा का, हे बघावं लागतं. मी त्या काठाला पुढचा दीड महिना गेलो नाही. चांगला काठ होता, वाईट वाटलं.

5 ऑगस्टला श्रावण लागला. घरात आईनं सांगितलं की महिनाभर मासा आणायचा नाही आणि मासा धरलेला हात देवाला लावायचा नाही. मी तरी दोन रविवार काढले. पाऊस उघडलेला, पाणी निवळायला लागलेलं. एकदा पॉपर चालवून बघितला, एक चिलापी मागं मागं आली आणि परत गेली.

पोळा

1 सप्टेंबरला, रविवारी, पहाटेपासून जो पाऊस सुरू झाला तो परभणी, हिंगोली, नांदेडमधल्या कुणालाच विसरता येणार नाही. 2 तारखेला पोळा होता. बैल गोठ्यातच सजवले, मिरवणूक निघालीच नाही. मराठवाड्याचा पावसाळा सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला केवढा तरी दीड दिवसात पडला. तलाव भरून सांडवा वाहायला लागला. भावाचं काढणीला येऊ घातलेलं सोयाबीन कमरेएवढ्या पाण्यात.

त्या दिवशी काही मुलं सांडव्याखाली चढणीचे मासे धरायला गेली होती, मामांनी काठी घेऊन हाकलली. सांडव्याच्या तोंडाशी शेवाळावर पाय ठरत नाही आणि पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. विजेचंही तसंच. ह्या काठ्या कार्बनच्या असतात, त्यातून वीज वाहते, आणि उघड्या काठावर आपण सगळ्यात उंच असतो. मोबाइलमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप ठेवलं आहे. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. बाकी तयारीत 450 रुपयांचे गमबूट, कारण बांधाच्या गवतात घोणस असते, आणि गळ काढायला 220 ची लांब पक्कड. सगळं धरून माझा हंगाम 9,860 रुपयांना पडला, फीसकट. एवढ्या पैशात संस्थेच्या काट्यावरून साडेचोवीस किलो मरळ आली असती, हा हिशोब बायकोनं केला.

8 सप्टेंबरला गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला लोक शेतातलं पाणी काढून द्यायला चर खणत होते. मोटारसायकलला बांधलेली ती चकचकीत काठी घेऊन त्यांच्या मधून जाताना मान वर करवेना. भावाच्या शेतात दुपारपर्यंत खोरं मारलं आणि चारनंतर तलावावर गेलो.

पाणी गच्च मातकट. पण ओढा जिथं आत येतो तिथं एक रेघ दिसत होती, मातकट पाणी आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी ह्यांच्या मधली. काळा-निळा स्पिनरबेट त्या रेघेच्या कडेनं सावकाश ओढला, इतका सावकाश की पातीची थडथड मनगटात मोजता येत होती. सहाव्या-सातव्या फेकीला थडथड थांबली. झडप नाही, आवाज नाही, नुसतं बंद पडलेल्या मिक्सरसारखं. झटका दिला आणि पलीकडून ओढ आली. पाऊण किलोसुद्धा नसेल, तळहातापेक्षा थोडी रुंद, पण मरळ. घरात गणपती बसलेले, आणायचा प्रश्नच नव्हता. पाण्यात धरून मूठ उघडली. हात इतके थरथरत होते की फोटोत नुसता चिखल आलाय.

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी. झेंडावंदन करून गेलो. लख्ख ऊन. उगाच गेलो.

22 सप्टेंबर

उत्तरा नक्षत्र, पितृपक्षातला रविवार. पहाटे आभाळ काजळलं होतं, वारा पडलेला. पाणकणसाच्या त्या काठाला दीड महिन्यानं पहिल्यांदा गेलो. आधी नुसता बसून राहिलो, पाऊण तास. नारिंगी ठिपका कुठं नव्हता. पिल्लं पांगली असणार. वलयं मोजली, तीन जागा.

पाऊस लागला तेव्हा काळा बेडूक बांधला. तोवर त्याचा एक पाय तुटला होता, म्हणजे मागची रबराची झालर, जुलैतल्या कुठल्यातरी दातांनी. एका बाजूला कलून चालत होता. पहिली जागा, काही नाही. दुसरी, बांधाच्या टोकाला. बेडूक पाण्यावर नाही, मुद्दाम चिखलाच्या काठावर टाकला आणि तिथून पाण्यात उडी मारल्यासारखा ओढून घेतला. दोनदा टुणकन, मग थांबलो. पावसाचे थेंब त्याच्या पाठीवर पडलेले दिसत होते.

पाणी खालून वर आलं आणि बेडूक गेला.

एक विठ्ठल. दोन विठ्ठल. दोरी ताणली, रिळाला कुरकुर लागली, आणि मी दोन्ही हातांनी काठी मागं घेतली.

मरळ पहिल्यांदा झाडीकडं पळते, तिला तिथंच अडवायचं असतं, म्हणून जाड दोरी. पाच मिनिटंही लागली नसतील, मला संध्याकाळ झाल्यासारखी वाटली. काठाला आणून ओल्या पोत्यावर घेतली. पोतं पाण्यात भिजवलेलंच हवं, कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पक्कडीनं गळ काढला. डोकं नागासारखं चपटं, पोटाकडं पांढरट, शेपटीकडं ठिपके. पोत्यावर पडल्या पडल्या ती शांतपणे तोंड उघडून हवा घेत होती, बाजारात टोपलीत घेते तशी.

मामांनी काट्यावर पोत्यासकट तोलली आणि पोत्याचं वजन वजा केलं. दोन किलो शंभर.

"ठिवायची?"

"पितृपक्ष आहे मामा."

"मंग सोडा."

सोडली. ती लगेच गेली नाही, माझ्या गमबुटापाशी पाण्यात थांबली, मग शेपटीचा एक फटका मारून चिखल उडवून गेली.

मामांनी माझा बेडूक हातात घेतला. अंगठ्यानं पोट दाबून गळ वर आलेले बघितले, सोडले, परत दाबले. एकाच पायाला बोटानं हलवून बघितलं.

"कितीला पडला?"

"दीडशेला," मी म्हणालो. घरीही तेवढाच सांगितला होता.